सुपरमॅनच्या हाती थॉरचा हातोडा : वीस वर्षं रखडलेल्या चार अंकांची गोष्ट

हल्क भारी की सुपरमॅन? कट्ट्यावर हा वाद एकदा सुरू झाला की समोरचा चहा गार होतो. २०१९ मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' लागला तेव्हापासून आमच्या गल्लीतली पोरं हा वाद घालताहेत. त्या वेळची शाळकरी पोरं आता कॉलेजात आहेत, वाद मात्र आहे तिथेच आहे. आणि दर वेळी शेवटी कुणीतरी विचारतंच, 'मग या दोघांचा एकत्र सिनेमा का काढत नाहीत?'

उत्तर सोपं आहे. मालक वेगळे. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वूमन, फ्लॅश ही मंडळी डीसी या कंपनीची, म्हणजे वॉर्नरच्या घरातली. हल्क, थॉर, कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन हे मार्व्हलचे, आणि मार्व्हल २००९ पासून डिस्नेच्या ताब्यात. एकाचा माल दुसऱ्याच्या दुकानात कसा ठेवणार?

पण पोरांना जे माहीत नसतं ते असं, की पडद्यावर नाही तरी कागदावर ही सगळी मंडळी एकत्र आलेली आहेत. २००३-०४ मध्ये. चार अंकांत. एका पक्षाचं नाव जस्टिस लीग ऑफ अमेरिका, म्हणजे जेएलए, आणि दुसऱ्याचं अ‍ॅव्हेंजर्स. पहिल्या आणि तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स' असं नाव, दुसऱ्या आणि चौथ्यावर 'अ‍ॅव्हेंजर्स/जेएलए'. मानपानाचा प्रश्न! पत्रिकेत कुणाचं नाव आधी छापायचं यावरून आपल्याकडे जे होतं ते न्यूयॉर्कमध्येही होतं.

आपल्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये. १९२१ मध्ये मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, तेव्हा एका रंगमंचावर गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनी होते आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, दोघांचे चाहते एकमेकांशी भांडणारे, आणि निमित्त टिळक स्वराज्य फंडाचं. त्या रात्रीचं कौतुक मराठी माणूस अजून सांगतो. अमेरिकेतल्या कॉमिक्स वाचणाऱ्यांसाठी हे चार अंक म्हणजे साधारण तोच प्रकार. फरक एवढाच, की हे 'संयुक्त' जमायला वीस वर्षांहून जास्त काळ गेला. आणि ज्यांनी ते अडवलं, ज्यांनी ते शेवटी घडवलं, ते बहुतेक सगळे मूळचे पत्र लिहिणारे, वाद घालणारे वाचकच होते. सांगण्यासारखी गोष्ट ती आहे.

पत्ता छापला आणि मंडळ जमलं

वीरांची टोळी करून एकाच अंकात आणायची कल्पना जुनी. १९४० च्या हिवाळ्यात 'ऑल-स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका पहिल्यांदा जमली. १९५१ मध्ये तिचा गाशा गुंडाळला गेला. मग १९६० मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ आणि लेखक गार्डनर फॉक्स यांनी त्याच कल्पनेला नवा रंग दिला आणि जस्टिस लीग आली.

धंद्याच्या नजरेने बघितलं तर ही योजना बिनतोड. फ्लॅशचा चाहता अंक घेतो, आत त्याला अ‍ॅक्वामॅन भेटतो. आवडला तर त्याचाही ग्राहक होतो. जो वीर स्वतःच्या नावावर अंक चालवू शकत नाही तो टोळीत खपून जातो. पण यातच भांडणाचं बीही आहे. सात वीर आणि पानं मोजकी, म्हणजे कुणाच्या तरी वाट्याला कमी येणार. 'आमच्या हिरोला कोपऱ्यात का उभं केलं?' एकट्या वीराच्या अंकात हा प्रश्न येत नाही, टोळीच्या अंकात दर महिन्याला येतो.

श्वार्ट्झला हे भांडण ओळखीचं होतं. तो स्वतः १९३२ मध्ये, विशीच्या आत असताना, मित्रांबरोबर विज्ञानकथांच्या चाहत्यांसाठी हौशी मासिक काढणारा पोरगा होता. संपादक झाल्यावर त्याने आपल्या अंकांत वाचकांची पत्रं छापायला सुरुवात केली, आणि पत्राखाली नुसतं नाव-गाव न देता पूर्ण पत्ता द्यायला लागला. चांगलं पत्र लिहिणाऱ्याला अंकाची मूळ हाताने काढलेली पानं बक्षीस म्हणून पाठवायचा. आज त्या पानांची किंमत ऐकली तर डोळे पांढरे होतील, त्या वेळी ती अडगळ होती.

पत्त्याने मोठं काम केलं. वर्तमानपत्रातल्या 'वाचकांची पत्रे' सदरात आपण संपादकाशी बोलतो. पूर्ण पत्ता छापला की वाचक वाचकाशी बोलायला लागतो. डेट्रॉइटमध्ये जेरी बेल्स नावाचे एक प्राध्यापक होते, जुन्या जस्टिस सोसायटीवर जीव असलेले. मिसुरी राज्यात रॉय थॉमस नावाचा विशीतला तरुण होता, तोही त्याच रोगाचा रोगी. जुने अंक शोधता शोधता, याचा पत्ता त्याच्याकडून घेत, दोघे १९६० च्या अखेरीला एकमेकांना भेटले. म्हणजे टपालाने. मार्च १९६१ मध्ये बेल्सनी 'ऑल्टर इगो' नावाचं हौशी मासिक काढलं, आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलच्या जातीच्या यंत्रावर, जांभळ्या शाईत. अमेरिकेत वीरांच्या कॉमिक्सच्या चाहत्यांची जी संघटित चळवळ म्हणतात तिचा आरंभ बहुतेक जण या जांभळ्या कागदांपासून धरतात.

आणि चळवळीची मागणी काय? जुनी सोसायटी परत आणा. ती मागणी चालली. ऑगस्ट १९६३ च्या जस्टिस लीगच्या २१ व्या अंकात नवी लीग आणि जुनी सोसायटी एकमेकांना भेटली. त्यानंतर दर वर्षी ही भेट ठरूनच गेली, जत्रेसारखी.

रिकामं पाकीट

इकडे मार्व्हलने लीगचा खप बघून १९६१ मध्ये 'फँटास्टिक फोर' आणली आणि १९६३ मध्ये अ‍ॅव्हेंजर्स. स्टॅन ली संपादक. त्याची पत्रांची पानं म्हणजे वेगळाच फड. वाचक कथेतली चूक काढायचे, अमुक पानावर अमक्याचा पोशाख चुकला, तमका तर मेला होता मग परत कसा आला. ली चूक कबूल करायचा. पण कुणी चूक काढून शिवाय ती चूक नाहीच हे पटवणारं कारणही दिलं, तर त्याला 'नो-प्राइझ' मिळायचं. पुढे ते पाकिटातून पाठवायला लागले. पाकिटावर ठसठशीत छापलेलं, की आत नो-प्राइझ आहे. आत काही नसायचं. खर्च फक्त टपालाचा, आणि पोरगा जन्मभराचा गिऱ्हाईक! वाणिज्य शाखेत इतकी वर्षं जाहिरात शिकलो, असं उदाहरण पुस्तकात सापडलं नाही.

रॉय थॉमस १९६५ मध्ये मार्व्हलमध्ये नोकरीला लागला. पुढच्याच वर्षाअखेरीला त्याच्या हाती अ‍ॅव्हेंजर्सचं लेखन आलं आणि १९७२ मध्ये तो मार्व्हलचा मुख्य संपादक झाला. पण मन लीगमध्येही अडकलेलं. म्हणून १९६९ मध्ये त्याने अ‍ॅव्हेंजर्सच्या ६९ आणि ७० व्या अंकांत 'स्क्वॉड्रन सिनिस्टर' नावाची खलनायकांची टोळी उभी केली. त्यातला हायपेरियन म्हणजे उघड उघड सुपरमॅन, नाइटहॉक म्हणजे बॅटमॅन, व्हिझर म्हणजे फ्लॅश, डॉक्टर स्पेक्ट्रम म्हणजे ग्रीन लँटर्न. नाव बदललं, कपडे बदलले, परवानगी कुणाची लागली नाही. चाहत्यांनी ओळखलं, हसले, आणि आणखी मागायला लागले.

याहून गमतीचा प्रकार १९७२ चा. व्हरमाँट राज्यात रटलंड नावाचं गाव आहे, तिथे हॅलोविनला मिरवणूक निघायची आणि तिच्यात वीरांची सोंगं काढली जायची, कारण मिरवणुकीचा कर्ताधर्ता कॉमिक्सवेडा. स्टीव्ह एंगलहार्ट, जेरी कॉन्वे आणि लेन वीन या तीन तरुण लेखकांनी ठरवून त्या एकाच रात्रीची, त्याच गावातली गोष्ट तीन वेगवेगळ्या अंकांत लिहिली. दोन अंक मार्व्हलचे, एक डीसीच्या जस्टिस लीगचा. तीनही वाचले तर लक्षात येतं, की एकाच मिरवणुकीत दोन्ही कंपन्यांचे वीर फिरताहेत. एकमेकांचं नाव न घेता. कंपन्यांमध्ये करार नाही, कागद नाही, फक्त मित्रांनी मित्रांसाठी केलेली खोडी.

चार वर्षांनी कागद झाला. १९७६ मध्ये 'सुपरमॅन विरुद्ध स्पायडरमॅन' हा मोठ्या आकाराचा अंक दोन्ही कंपन्यांनी मिळून काढला. किंमत २ डॉलर. लेखक तोच कॉन्वे. पुढे १९८१ आणि १९८२ मध्ये असे आणखी अंक निघाले. मग सगळ्यांची नजर लागली मोठ्या सामन्यावर, टोळी विरुद्ध टोळी.

एकवीस पानं कपाटात

करार १९७९ मध्ये झाला होता. अंक १९८३ मध्ये यायचा होता. लिहिणार कॉन्वे, काढणार जॉर्ज पेरेझ.

पेरेझबद्दल थोडं सांगायलाच हवं. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबात १९५४ मध्ये जन्म. १९७५ पासून तो अ‍ॅव्हेंजर्स काढत होता. १९८० मध्ये जस्टिस लीगचे वर्षानुवर्षांचे चित्रकार डिक डिलिन अचानक गेले आणि तो अंकही पेरेझकडे आला. दोन्ही टोळ्या मन लावून काढलेला त्या पिढीतला माणूस तो हाच. आणि त्याला गर्दीची हौस. इतर चित्रकार वीसजणांचं चित्र टाळायचे, दहा धुरात लपवायचे. पेरेझ वीसच्या वीस जणांना चेहरा द्यायचा, हातमोज्यांच्या घड्यांसकट. टोळीच्या कॉमिक्सचा वाचक जे भांडत असतो, की माझाही माणूस दिसू दे, ते या एकाच माणसाने कबूल केलं होतं म्हणा ना.

त्याने एकवीस पानं काढली. आणि काम थांबलं. मार्व्हलचा मुख्य संपादक जिम शूटर याला कथानक पटेना. डीसीकडून दुरुस्त्या, इकडून हरकती, पुन्हा दुरुस्त्या. अखेर बारगळलं. दोन्ही कंपन्यांनी आपापली बाजू छापून वाचकांसमोर मांडली आणि वाचकांचेही दोन तट पडले.

शूटरला खलनायक ठरवणं चाहत्यांना आवडतं. मला ते तितकं सरळ वाटत नाही. हा शूटर कोण? पिट्सबर्गचा गरीब घरातला मुलगा. मार्व्हलचे अंक डीसीपेक्षा सरस का वाटतात याचा त्याने अभ्यास केला, आणि तेराव्या वर्षी डीसीच्या 'लीजन ऑफ सुपर-हिरोज'साठी, म्हणजे पुन्हा टोळीच्याच अंकासाठी, कथा लिहून धाडली. १९६६ मध्ये ती छापून आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. कथेतली भोकं शोधणं हा त्याचा पिंडच होता. आधी ते वाचक म्हणून केलं, नंतर पगार घेऊन केलं. कॉन्वेही तसाच, शाळकरी वयात कथा विकायला लागलेला. म्हणजे १९८३ मध्ये दोन कंपन्या भांडल्या असं आपण म्हणतो, पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना पत्रांच्या पानांवर वाढलेली पोरंच बसली होती. कट्ट्यावरचा वाद आणि हा वाद यात फरक एवढाच, की कट्ट्यावर हरलं तर कुणाची एकवीस पानं वाया जात नाहीत.

त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ दोन्ही कंपन्यांचा एकत्र अंक निघाला नाही.

मतपेटी

या काळात धंदा बदलला, तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूर्वी कॉमिक्स पेपरच्या स्टॉलवर विकली जायची आणि न खपलेली प्रकाशकाकडे परत जायची. किती छापली आणि किती खपली यात मोठी तफावत, नुकसान प्रकाशकाचं. फिल स्युलिंग नावाच्या ब्रुकलिनच्या शाळामास्तरने १९७३ च्या सुमाराला वेगळा मार्ग काढला. माल थेट कॉमिक्सच्या दुकानांना द्या, सूट जास्त द्या, परत घेऊ नका. हा मास्तरही चाहताच, न्यूयॉर्कला कॉमिक्सवेड्यांची संमेलनं भरवणारा. १९८१ मध्ये मार्व्हलने 'डॅझलर'चा पहिला अंक फक्त अशा दुकानांतून विकला आणि तो ४ लाखांवर गेला, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले.

याचा परिणाम असा, की येता-जाता सहज अंक उचलणारा वाचक कमी होत गेला आणि ठरवून दुकानात येणारा चाहता हाच मुख्य ग्राहक झाला. जो भांडतो तोच पैसे देतो म्हटल्यावर त्याचं भांडण विकायला ठेवणं आलंच.

१९९६ मध्ये ते घडलं. 'डीसी विरुद्ध मार्व्हल' या चार अंकांच्या मालिकेत अकरा सामने होते, त्यांतल्या पाचांचा निकाल वाचकांच्या मतांनी लागणार होता. मतं पडली. सुपरमॅनने हल्कला हरवलं, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला. स्पायडरमॅन सुपरबॉयवर, वुल्व्हरीन लोबोवर, स्टॉर्म वंडर वूमनवर विजयी. मार्व्हल ३, डीसी २. खप उत्तम झाला. पण समाधान? वुल्व्हरीन आणि लोबोची मारामारी बारच्या काउंटरमागे झाली. वाचकाला काउंटर दिसला, थोड्या वेळाने वुल्व्हरीन उठून आला, संपलं! लोबोचे चाहते अजून दात-ओठ खातात. मत मोजून निकाल लावता येतो, पण तो निकाल कथेत पटवून देणं वेगळं काम आहे. निवडणुकांच्या बातम्या करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

या मालिकेच्या संपादकांपैकी एक मार्व्हलचा मार्क ग्रुएनवाल्ड. त्याची आठवण इथे काढायलाच हवी. सत्तरच्या दशकात हा 'ऑम्निव्हर्स' नावाचं चाहत्यांचं मासिक काढायचा. कोणत्या अंकातली घटना कोणत्या अंकाशी जुळते, कोणती पृथ्वी खरी, अशा चर्चा त्यात असत. लीगवर अफाट प्रेम, पण नोकरी मार्व्हलमध्ये. मग त्याने थॉमसच्या त्या नकली टोळीच्या चांगल्या भावंडांना, म्हणजे 'स्क्वॉड्रन सुप्रीम'ला, १९८५-८६ मध्ये बारा अंकांची मोठी गोष्ट दिली. हे वीर जगाचं भलं करायचं म्हणून जगाचा ताबाच घेतात, आणि त्याचं काय होतं, अशी. आजही जाणकार तिचं नाव आदराने घेतात. ग्रुएनवाल्ड १९९६ च्या ऑगस्टमध्ये, ४३ व्या वर्षी, अचानक गेला. त्याच्या इच्छेनुसार त्याची राख छपाईच्या शाईत मिसळली आणि त्या शाईत १९९७ मध्ये 'स्क्वॉड्रन सुप्रीम'ची पुस्तकरूपातली पहिली आवृत्ती छापली.

हे वाचून कुणाला विचित्र वाटेल. मला वाटलं नाही.

शेवटी जमलं

२००३ मध्ये 'जेएलए/अ‍ॅव्हेंजर्स' निघाली तेव्हा चित्रकार पेरेझच होता. मधल्या काळात त्याने दुसऱ्या एका प्रकाशकाशी फक्त त्यांच्याचसाठी काम करायचा करार केला होता, पण करारात एक कलम घालून घेतलं होतं. ही मालिका कधी काळी निघालीच, तर ती मी काढणार. वीस वर्षं माणसाने आशा सोडली नव्हती.

लेखक होता कर्ट ब्युसिक. हाही पत्रलेखक. किशोरवयात त्याची पत्रं अंकांत छापून यायची. शाळेत असताना त्याने मित्र स्कॉट मॅक्लाउड याच्याबरोबर मार्व्हलच्या वीरांची स्वतःच्या गावात, लेक्सिंग्टनमध्ये मारामारी लावून कॉमिक रचलं होतं. शिवाय त्याचा एक किस्सा चाहत्यांत प्रसिद्ध आहे. १९८० मध्ये एक्स-मेनमध्ये जीन ग्रे मेली. ब्युसिक तेव्हा विद्यार्थी. मेलेलीला न्यायाने परत कसं आणता येईल यावर मित्रांत पैजेसारखी चर्चा चालायची. याने तोडगा काढला, की जी मेली ती जीन नव्हतीच. पुढे ओळखीतल्या एका लेखकाजवळ तो बोलला, त्याने दुसऱ्याला सांगितला, आणि १९८६ मध्ये मार्व्हलने जीनला त्याच मार्गाने परत आणलं. स्टॅन लीचं रिकामं पाकीट याच कामासाठी होतं!

असा माणूस लिहायला बसल्यावर त्याने मारामाऱ्या टाळल्या नाहीत, पण चाहत्यांचं खरं भांडण वीरांच्याच तोंडी घातलं. कथेत ग्रँडमास्टर आणि क्रोना या दोन महाशक्तींचा डाव लागतो. दोन्ही विश्वांतल्या मिळून बारा वस्तू, ज्याची टोळी जास्त गोळा करेल तो जिंकला. त्या निमित्ताने लीग मार्व्हलच्या पृथ्वीवर जाते. तिथली भीती, द्वेष, पडझड बघून सुपरमॅन संतापतो, हे लोक इतके दिवस करत काय होते? आणि अ‍ॅव्हेंजर्स डीसीच्या पृथ्वीवर येतात तेव्हा वीरांचे पुतळे, वीरांची वस्तुसंग्रहालयं बघून कॅप्टन अमेरिकाचं डोकं फिरतं, हे रक्षक की राजे? चाळीस वर्षं डीसीवाले मार्व्हलला आणि मार्व्हलवाले डीसीला नेमकं हेच म्हणत आले होते.

सुपरमॅन आणि थॉरची झुंज आहे, आणि तीत सुपरमॅन जिंकतो. यावर आजही भांडण होतं. पण माझ्या मते दुसऱ्या अंकातलं बॅटमॅन आणि कॅप्टनचं दृश्य सगळ्यांत सरस. दोघे थोडा वेळ एकमेकांची ताकद अजमावतात, आणि थांबतात. पुढे लढत बसलो तर फार वेळ जाईल, आणि इथे काहीतरी वेगळंच शिजतंय हे दोघांनाही कळतं. १९९६ च्या मतपेटीला एवढं शहाणपण सुचलं नव्हतं.

तिसऱ्या अंकात खरा पेच आहे. दोन विश्वं एकमेकांत मिसळतात आणि सगळ्यांना खोट्या आठवणी येतात, की आपण तर जुने स्नेही, दर वर्षी भेटणारे. सगळं गोड. मग त्यांना खरा इतिहास दाखवला जातो. बॅरी अ‍ॅलन मेलेला आहे. हॅल जॉर्डन भरकटला आहे. टोनी स्टार्क दारूत बुडाला होता. व्हिजन आणि स्कार्लेट विचचा संसार मोडला आहे. विश्वं वेगळी करायची तर हे सगळं परत खरं होणार. वीर एकमेकांकडे बघतात आणि ठरवतात, होऊ दे. गोड खोट्यापेक्षा आपलं कडू खरं बरं. ज्या वाचकाने ते मृत्यू महिन्या-महिन्याच्या अंकांतून सोसले होते त्याच्यासाठी हे पान म्हणजे त्याच्या वाचनाचा मान राखणं होतं.

त्या तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर पेरेझने दोन्ही टोळ्यांचे तोवरचे सगळे सदस्य काढले, दोनशेहून जास्त. भिंग घेऊन मोजणारे चाहते आहेत. कुणीही धुरात लपवलेला नाही.

आणि चौथ्या अंकात सुपरमॅनच्या एका हातात कॅप्टनची ढाल, दुसऱ्यात थॉरचा हातोडा. जो लायक असेल त्यालाच तो हातोडा उचलता येतो हा मार्व्हलचा जुना नियम. लढाई संपल्यावर सुपरमॅन पुन्हा उचलायला जातो तर तो हलत नाही. थॉर सांगतो, संकट मोठं म्हणून माझ्या वडिलांनी नियम थोडा सैल केला होता. म्हणजे सुपरमॅन लायक की नाही? ब्युसिकने मुद्दामच दोन्ही बाजूंना बोलायला जागा ठेवली, असं माझं मत आहे.

सात हजार प्रती

आता पुस्तक कुठे मिळेल, हा प्रश्न. अडचण पुन्हा मालकीचीच. एका कंपनीचं पुस्तक खपलं की ती दुसरी आवृत्ती काढते. इथे प्रत्येक आवृत्तीला दोन्ही कंपन्यांची सही लागते, आणि एक डिस्नेची, दुसरी वॉर्नरची म्हटल्यावर चार अंकांच्या नफ्यासाठी वकिलांचा खर्च कोण करणार? म्हणून पुस्तक वर्षानुवर्षं बाजारात नव्हतं आणि जुन्या प्रतींचे भाव चढत राहिले.

डिसेंबर २०२१ मध्ये पेरेझने स्वतःच जाहीर केलं, की स्वादुपिंडाचा कर्करोग तिसऱ्या टप्प्यात आहे आणि आपण उपचार घेणार नाही. चाहत्यांनी उचल खाल्ली, आता तरी हे पुस्तक पुन्हा छापा, तो आहे तोवर. आणि दोन्ही कंपन्यांनी या वेळी सही केली. मार्च २०२२ मध्ये 'हीरो इनिशिएटिव्ह' या धर्मादाय संस्थेसाठी ७,००० प्रती छापल्या गेल्या. अडचणीतल्या कॉमिक्स कलावंतांना औषधपाण्याला, घरभाड्याला मदत करणारी ही संस्था. पेरेझ स्वतः तिच्या कामात होता.

ही संस्था लागतेच का, हेही बघा. १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क त्याच्या दोन जन्मदात्यांकडून, जेरी सिगल आणि जो शुस्टरकडून, १३० डॉलरला घेतले गेले. १९७५ मध्ये सुपरमॅनच्या सिनेमाची तयारी चालू असताना दोघे हलाखीत होते. चित्रकारांनी आवाज उठवला, वर्तमानपत्रांत आलं, तेव्हा कुठे वॉर्नरने वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर बांधून दिले आणि त्यांची नावं परत छापायला लागले. या धंद्यात बहुतेकांनी पानामागे पैसे घेऊन काम केलं. ना पेन्शन, ना दवाखान्याची सोय. वीर अमर, काढणारा रोजंदारीवर.

सात हजार प्रती हातोहात गेल्या. अमेरिकेतल्या सगळ्या कॉमिक्सच्या दुकानांत मिळून सात हजार म्हणजे दुकानामागे मोजक्याच. कुणाला मिळाल्या, कुणी लगेच चढ्या भावाने विकायला काढल्या, त्यावरून वेगळी भांडणं झाली. ६ मे २०२२ रोजी पेरेझ गेला, ६७ व्या वर्षी.

२०२५ मध्ये दोन्ही कंपन्या पुन्हा एकत्र आल्या, बॅटमॅन आणि डेडपूल यांना घेऊन. टोळी विरुद्ध टोळी मात्र त्या चार अंकांनंतर झालेली नाही. आमच्या कट्ट्यावरच्या एका पोराला मी ही सगळी हकीकत सांगितली. त्याने मोबाइलवर ते हातोड्याचं चित्र शोधून काढलं, मोठं करून बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, 'पण काका, हल्कने उचलला असता का?'